आबा जगदाळ्यांची उत्तर दिशा

आबा जगदाळे मला पहिल्यांदा दिसले ते पाठमोरे.

मी फ्राऊ लोरेन्झ यांच्या घरी खोली बघायला गेलो होतो. हानोव्हरच्या टेक्निकल विद्यापीठात डॉक्टरेटसाठी दाखल होऊन मला दोन आठवडे झाले होते आणि तेवढ्यात माझं तीन ठिकाणी झोपून झालं होतं. पन्नास ते साठच्या दरम्यानची गोष्ट. अर्धं हानोव्हर बॉम्बनी पडलेलं आणि उरलेल्या अर्ध्यात सगळं हानोव्हर राहत होतं. शेवटी आगगाडीने पाऊण तासावरच्या एका गावात खोली आहे असं कळलं. फ्राऊ लोरेन्झ या रेल्वेतल्या एका माणसाच्या विधवा. त्यांनी मला स्वयंपाकघरात उभं करून घराचे नियम सांगितले. दहानंतर जिन्यावर बूट नकोत. अंघोळ शनिवारी. आणि बागेत संध्याकाळी एक माणूस उभा असतो, त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही.

"तोही इंडियाचाच आहे," त्या म्हणाल्या. मी आलोय तर आता त्याचं काही औषधपाणी होईल, अशी आशा त्यांच्या आवाजात होती.

मी खिडकीतून पाहिलं. बटाट्याच्या वाफ्यापलीकडे एक गृहस्थ उत्तरेकडे तोंड करून उभे होते. अंगात निदान तीन स्वेटर, वर ओव्हरकोट, त्यावर कानावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारलेला मफलर. असा मफलर बांधणारा माणूस सातारा जिल्ह्याच्या अलीकडचा असूच शकत नाही, हे मला तिथूनच कळलं. मी बाहेर जाऊन नमस्कार म्हटलं. त्यांनी मान न वळवता चार बोटं वर केली. मी चार मिनिटं थांबलो. थंडीचा मला पहिल्यापासून तिटकारा, त्यामुळे ती चार मिनिटं मला नीट आठवतात. मग ते वळले, घड्याळ बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि नाव विचारलं. मी कुलकर्णी म्हणून सांगितलं. गाव विचारलं. पुणे म्हणालो.

"आल्झो," आबा म्हणाले, "असू द्या."

आबा कोल्हापूरचे. तिथल्या एका कारखान्याने त्यांना वर्षभराच्या शिक्षणासाठी इकडे पाठवलं होतं. मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या एका जर्मन फॅक्टरीत ते तपासणी खात्यात शिकले, आणि वर्ष संपल्यावर फॅक्टरीने त्यांनाच ठेवून घेतलं, वर्षावर्षाच्या कराराने. जर्मन शब्द त्यांना चारेकशे येत असतील. त्यातले साडेतीनशे लेथ मशीनशी संबंधित होते. उरलेल्यांतला 'आल्झो', म्हणजे 'तर मग', त्यांना इतका आवडला की मराठी वाक्यसुद्धा ते त्यानेच सुरू करत. फ्राऊ लोरेन्झ त्यांना हेर आबा, म्हणजे श्रीयुत आबा, म्हणत. आबा हेच आडनाव आहे असं त्या समजत होत्या, आणि आबांनी ती समजूत कधी मोडली नाही. टपाल बरोबर येतंय ना, मग झालं, असं त्यांचं म्हणणं.

उत्तरेकडे ते काय बघत, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. नॉर्डलिख्ट. ध्रुवाकडचा तो प्रकाश. शाळेत असताना त्यांच्या भूगोलाच्या पुस्तकात त्याचं एक चित्र होतं, काळ्या शाईतलं. त्याचा रंग कसा असतो, असं त्यांनी गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, गप बस. आबा गप्प बसले ते थेट जर्मनीला येईपर्यंत. इथे आल्यावर फॅक्टरीतल्या कुणी सांगितलं की सूर्यावर डाग वाढले की तो प्रकाश कधी कधी इतक्या दक्षिणेलाही दिसतो, आणि सध्या डाग फार आहेत. एक वेधशाळा हौशी लोकांकडून नोंदी मागवते हेही कळलं. आबांनी पत्र टाकलं. वेधशाळेने छापील कार्डांचा गठ्ठा पाठवला. तारीख, वेळ, ढग, चंद्र, प्रकाश दिसला का, दिसला तर क्षितिजापासून किती अंश, रंग कोणता. काहीच दिसलं नाही, तरी कार्ड पाठवायचं. त्याला तिकडे फेलआनझायगे म्हणतात, म्हणजे कळवण्यासारखं काही नाही हे कळवणं. जर्मन माणसाला हे सुचणारच. पण ते मनापासून पटलेला कोल्हापूरकर मी एकच पाहिला.

आकाश निरभ्र असेल त्या दिवशी आठ ते नऊ आबा बागेत उभे राहत. नऊला आत येत, मफलर न सोडता टेबलाशी बसत आणि कार्डावर फेलआनझायगे लिहीत. मी तिथे गेलो तेव्हा अशी किती कार्डं गेली होती कुणास ठाऊक. अंश मोजायला त्यांनी पितळेचा एक कोनमापक स्वतः बनवला होता, ओळंबा लावलेला. फॅक्टरीतल्या पितळेच्या तुकड्याचा बनवला, आणि तो कचऱ्यातला तुकडा घेऊ का, म्हणून फोरमनला लेखी अर्ज दिला होता. फोरमनने त्यावर सही, म्हणे, उभं राहून केली.

तपासणी खात्याचा त्यांचा एक नियम होता, तो ते आयुष्याला लावत. बघितलं ते लिवायचं, लिवलं ते खोडायचं नाही. एखादा माप घेतलेला भाग नंतर चांगला निघाला तरी त्या वेळची नोंद बदलायची नाही. बदलायला लागलो की मग वहीला विचारतो कोण, माणसालाच विचारतील. मी एकदा चेष्टेत म्हटलं, आबा, तुमची बायको खारट आमटी करते हे एकदा लिहिलंत तर जन्मभर खारटच का? आबा म्हणाले, त्या दिवशीची खारटच.

बायकोचा विषय मी सहज काढला होता, पण तो सहज नव्हता. लग्नाला सहा वर्षं झाली होती, त्यातली तीन आबा इथे. एका वर्षाचं सांगून आलेले. वर्ष संपलं तेव्हा आणि पुढचा करार संपला तेव्हा, दोन्हीदा त्यांनी घरी एकच लिहिलं. अजून दिसलेला नाही, एक हिवाळा थांबतो. आता कुणी म्हणेल की एका उजेडासाठी माणूस बायकोला तीन वर्षं गावी ठेवतो की काय. मीही म्हणालो होतो. मला त्यांचा रागच यायचा. पण बागेत त्यांच्या शेजारी उभं राहिलं की तो टिकत नसे, एक तर थंडीने आणि दुसरं म्हणजे ते बघत असत ते बघून.

पहिल्याच हिवाळ्यात त्यांची एकदा फजिती झाली होती. ती मला फ्राऊ लोरेन्झ यांनी सांगितली, आबांनी नाही. एका संध्याकाळी उत्तरेला तांबडा उजेड दिसला. आबा धावत आत आले, कार्डावर सगळं भरलं, वर वेधशाळेला तार केली, आणि घरीही पत्र टाकलं की दिसला, आता येतो. आठवड्याने वेधशाळेचं फार अदबशीर पत्र आलं. आपण दिलेल्या दिशेला नकाशावर एक पोलादाचा कारखाना आहे, कृपया एकदा खात्री करावी. आबा रविवारी सायकल घेऊन कालव्यापलीकडे गेले. कारखान्याच्या दरवानाने त्यांना समजावलं की भट्टीतला लालभडक गाळ रेल्वेच्या वाघिणींतून नेऊन ढिगावर ओततात, तेव्हा वरचे ढग पेटल्यासारखे दिसतात. इकडची पोरंसुद्धा हे ओळखतात, असंही तो म्हणाला. आबांनी गाळ ओतण्याच्या वेळा लिहून घेतल्या, आभार मानले आणि परत आले. मग घरी दुसरं पत्र. दिसला तो कारखाना होता.

त्यावर वहिनींचं उत्तर आलं. ते आबांनी मला दाखवलं, कारण त्यातलं एक वाक्य त्यांना नीट लागत नव्हतं म्हणे. अक्षर स्वच्छ होतं. लिहिलं होतं, 'ते दिवे दिसले की या. नाही दिसले तरी या. इथं आपल्या गल्लीत आता विजेचा दिवा आला आहे.' मी म्हटलं, आबा, यात न लागण्यासारखं काय आहे? आबांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, आहे तसं काय नाही.

माझा तिथला दुसरा हिवाळा हा आबांचा शेवटचा ठरला होता. करार वसंतात संपणार होता आणि या खेपेला वाढवणार नाही, असं त्यांनी घरी कळवलं होतं. म्हणजे काय दिसायचं ते तेवढ्यात दिसायला हवं होतं. ते बोलले नाहीत, पण आठला बाहेर जाण्याऐवजी सव्वासातलाच जायला लागले. ढग आले की ढगांशी अबोला धरत. मी प्रयोगशाळेतून आल्यावर त्यांच्याबरोबर उभा राहू लागलो. आपल्याला काही ग्रहताऱ्यांचं सोयरसुतक नाही, पण त्यांना एकट्याला तिथे सोडवेना.

त्या संध्याकाळी आभाळ स्वच्छ होतं, क्षितिजावर तेवढी थोडी धूसरता. पावणेआठला उत्तरेला, बरोबर कारखान्याच्या अंगाला, तांबूस उजेड आला. आबांनी घड्याळ बघितलं.

"गाळ," ते म्हणाले. "वेळ चुकीवलीय त्यांनी."

त्यांनी कोनमापक लावला आणि उंची लिहिली. पाच मिनिटांनी पुन्हा लावला. उजेड वाढला होता. नेहमी गाळाचा उजेड दहा मिनिटांत मावळायचा, हा मावळेना. आबांचा पारा चढत चालला. एक तर हे शेवटचे काही आठवडे, त्यात असं निरभ्र आकाश, आणि हे लोक त्यात लाल रंग ओततायत. त्यांनी ठरवलं की दर पाच मिनिटांनी मोजायचं, सगळं नीट लिहायचं आणि कारखान्याला तक्रार करायची. पुरावा असला की जर्मन माणूस ऐकतो. तेव्हापासून त्यांनी उजेडाच्या कडा, रंग, कुठे फिका, कुठे गडद, सगळं टिपायला सुरुवात केली. मी बॅटरी धरली होती.

साडेआठला तो लाल रंग आमच्या डोक्याकडे निम्म्यापर्यंत आला होता. मला खगोलातलं ओ की ठो कळत नाही, पण मलासुद्धा वाटलं की गाळ जरा जास्तच आहे. तसं मी म्हणालो. आबा म्हणाले, दुसरी भट्टी चालू केली असणार. मग त्या लालीतून पांढरे पट्टे उभे राहिले, हळूहळू सरकायला लागले. मी विचारलं, हे काय? आबांनी पट्टे मोजले, लिहिले आणि म्हणाले की पलीकडच्या माळावर इंग्रजांची पलटण आहे, त्यांचे सर्चलाइट. दीडशे वर्षं आपल्याकडं होते ते होते, इथंही झोपू देईनात.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आबा तासभर ताक फुंकत उभे होते. आणि मी, पदार्थविज्ञान शिकायला सरकारी शिष्यवृत्तीवर आलेला माणूस, त्यांना बॅटरी दाखवत होतो.

नवाला आम्ही आत आलो. आबांनी कार्डावर फेलआनझायगे लिहिलं. शेऱ्याच्या जागी, 'कारखान्याच्या उजेडाचा फार त्रास' असं लिहून मागच्या बाजूला सगळी मापं उतरवली. मग कारखान्याला दोन पानी तक्रार लिहिली. तिचं जर्मन मी तपासून दिलं.

दुसऱ्या दिवशी आगगाडीत माझ्या समोरच्या माणसाच्या हातातल्या पेपरात सगळं होतं. सगळ्या उत्तर जर्मनीने नॉर्डलिख्ट पाहिला होता. फ्राऊ लोरेन्झ यांनी वाळत घातलेले कपडे आत घेताना पाहिला होता. पावाच्या दुकानातल्या बाईने पाहिला होता. शेजारच्या दोन गावांच्या आगीच्या बंबांनी तर तो विझवायला म्हणून उत्तरेला कूच केलं होतं आणि पाचेक किलोमीटरवरून परत आले होते. मी हानोव्हरला उतरलो आणि तसाच पुढच्या गाडीने मागे आलो.

पण आबा फॅक्टरीत गेले होते. फॅक्टरीत त्यांचं नावच नॉर्डलिख्ट पडलं होतं, तेव्हा तिथे काय झालं असेल ते सांगायला नको. एकेक जण मशीन सोडून येई आणि हात मिळवून अभिनंदन करी. फोरमनने सगळ्यांच्या वतीने सिगारची पेटी दिली. आबा सिगार ओढत नसत. ते प्रत्येकाला सांगत होते की मी कारखाना बघत होतो, आणि प्रत्येकाला तो विनोद वाटत होता.

संध्याकाळी ते घरी आले, मफलर सोडला आणि खुर्चीत बसले. संध्याकाळी मफलर सोडलेले आबा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. कार्ड आणि तक्रार दोन्ही कोटाच्या खिशात तशीच होती. सकाळी पेटीत टाकायला ते विसरले होते. ते कधी काही विसरत नसत. मला वाटलं, देवानेच ठेवलं. मी म्हणालो, आबा, नवं कार्ड घ्या. मापं तुमचीच, वेळा तुमच्याच, वरचा एक शब्द बदलायचा. यात खोटं काय आहे? तुमच्या डोळ्यांसमोर तासभर होता की तो.

"डोळ्यासमोर हुता," आबा म्हणाले. "पण कुलकर्णी, मला आनंद झाला नाही हो. मी तक्रार लिवत हुतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी फ्राऊ लोरेन्झ यांच्या शेगडीच्या धुरावर ढकललं.

कार्ड गेलं ते तसंच गेलं. तक्रारसुद्धा गेली, कारण लिहिलेली होती. फक्त सोबत वेगळा कागद जोडला की वरील तक्रार चुकीने लिहिली असून तिचा विचार करू नये. कारखान्याचं उत्तर आलं. तक्रार आणि तक्रार मागे घेतल्याचं पत्र, दोन्ही मिळाली. त्या संध्याकाळी आमची भट्टी दुरुस्तीसाठी थंड होती, हेही आपल्या माहितीसाठी कळवत आहोत. वेधशाळेचंही आलं. तुमच्या भागातून इतक्या बारकाईने पाच-पाच मिनिटांची मापं दुसऱ्या कुणाचीच नाहीत, कारण बाकी सगळे नुसते बघत राहिले. तरी तुमची नोंद 'दिसला' या सदरात घ्यायला परवानगी असावी. आबांनी दोन दिवस विचार करून उत्तर लिहिलं. आकडे तुमचे, कसेही वापरा. वरचा शब्द माझा आहे, तो राहू द्या.

आता माझी खात्री होती की ते थांबणार. फॅक्टरीने करार वाढवतो म्हणून स्वतःहून कळवलं. फ्राऊ लोरेन्झ यांनी खोली कुणाला देणार नाही असं मला दोनदा ऐकवलं. सूर्य अजून बिघडलेलाच होता, पुन्हा दिसायचा संभव होता. मीच त्यांना म्हणालो, आबा, एक हिवाळा. वहिनींना मी लिहितो. आबांनी खिशातून ते जुनं पत्र काढलं, पण उघडलं नाही.

"दिसले की या, नाही दिसले तरी या, असं हाय ह्यात," ते म्हणाले. "म्हंजे दोन्हीकडनं घरच की ओ. मी उगं तीन वर्सं मधल्या शब्दावर काढली."

मार्चमध्ये ते गेले. स्टेशनवर फ्राऊ लोरेन्झ रडल्या. बागेत उभ्या असणाऱ्या माणसाकडे लक्ष देऊ नका म्हणणाऱ्या बाई त्या याच.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटलो. सहा-सात वर्षांनी मी सुट्टीवर हिंदुस्थानात आलो होतो, मुद्दाम वाट वाकडी करून कोल्हापूरला गेलो. आबांनी स्वतःचा लहानसा कारखाना काढला होता. माणूस तोच, फक्त स्वेटर नव्हते. मला जेवायला बसवून ते कोपऱ्यावरून दही आणायला गेले. वहिनी चुलीपुढे भाकऱ्या करत होत्या. ठसठशीत कुंकू लावणाऱ्या, कमी बोलणाऱ्या बाई. तव्यावरची भाकरी उलटताना त्या म्हणाल्या, "भावजी, तुमी तिथं हुता म्हणून सांगते. ह्यांनी ते दिवे बघायचे सोडले ते माझ्यापायी. न बघताच आले. गल्लीत सगळ्यांस्नी ठाऊक हाय."

आणि मी, तोंडात घास होता म्हणून तरी गप्प बसावं की नाही, म्हणालो, "न बघता कसे? चांगले तासभर बघितले की. मी शेजारी उभा होतो."

बोललो आणि जीभ चावली. वहिनींचा हात तव्यावरच थांबला. सहा-सात वर्षं त्या बाईने गल्लीत ज्याच्यावर मान ताठ ठेवली, ते मी एका घासात खाऊन टाकलं होतं. काही सारवासारव करावी तर सुचेना, आणि भाकरीचा करपल्याचा वास यायला लागला.

तेवढ्यात आबा दह्याचं भांडं घेऊन आत आले.

"अहो," वहिनी त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "भावजी म्हणत्यात, तुमी ते दिवे बघितलं हुतं."

आबांनी भांडं खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. मग त्यांनी बराच वेळ घेतला. उत्तर काय द्यावं यासाठी नाही, बरोबर काय आहे यासाठी.

"बघितलं," ते म्हणाले. "पण त्या टायमाला त्यो कारखाना हुता."

वहिनींनी वळून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. मग करपलेली भाकरी बाजूला काढली आणि नवीन गोळा हातात घेतला.

"मग न बघताच आलासा की," त्या म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "भावजी, दही घ्या."